पिवळ्यावर थांबायचं

टँटॅलम ऑक्साइड ही पांढरीशुभ्र भुकटी. अमोनियाच्या मंद प्रवाहात ८५० अंश सेल्सियसला १५ तास तापवली की ती पिवळी होते. ऑक्सिजनच्या काही जागा नायट्रोजन घेतो आणि तयार होतं टँटॅलम ऑक्सिनायट्राइड. एकाच स्फटिकात असे दोन प्रकारचे ऋण आयन (ऋण भाराचे अणू) नांदत असतील, तर त्याला मिश्र-ऋणायन सिरॅमिक म्हणतात.

नायट्रोजन इलेक्ट्रॉनला ऑक्सिजनइतकं घट्ट धरत नाही. त्यामुळे इलेक्ट्रॉन मोकळा करायला ३.९ ऐवजी सुमारे २.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचं एकक) पुरतात. पांढऱ्या भुकटीला अतिनील किरणंच लागतात, आणि उन्हात ती जेमतेम ४-५ टक्के. पिवळी ५०० नॅनोमीटरपर्यंतचा दृश्य प्रकाशही शोषते. मराठवाड्यातल्या उन्हावर पाण्यातून हायड्रोजन काढायचा, तर हाच फरक कामाचा.

भुकटी अॅल्युमिनाच्या (अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या) होडीसारख्या भांड्यात पातळ पसरून क्वार्ट्झच्या नळीत ठेवतात. आधी नायट्रोजन सोडून हवा हाकलायची, कारण हवेत १५ ते २८ टक्के अमोनिया म्हणजे स्फोटक मिश्रण. बाहेर पडणारा वायू सौम्य आम्लात जिरवायचा, पण मध्ये एक रिकामी बाटली हवीच. अमोनिया पाण्यात इतका झपाट्याने विरघळतो, की ती नसेल तर आम्ल उलटं तापलेल्या नळीत खेचलं जातं.

या क्रियेत पाण्याची वाफ निघते. थर जाड असेल तर ती तळाशी कोंडते. वरून पिवळं, खाली पांढरंच. प्रवाह फार वाढवला तर वाफ टिकत नाही आणि लाल टँटॅलम नायट्राइड हाती येतं. तेही प्रकाश छान शोषतं, पण मिश्र राहत नाही. गरम असतानाच नळी उघडली तर ऑक्सिजन परत शिरतो.

खरी अडचण पुढे, वापरात. प्रकाशाने तयार झालेले धन भार पाण्याऐवजी पदार्थातल्याच नायट्रोजनला गाठतात आणि तो वायू होऊन निसटतो. म्हणून पृष्ठभागावर कोबाल्ट ऑक्साइडचे कण बसवतात. ते हे भार ओढून घेतात.

याच कुळातलं सायलॉन मात्र केव्हाच कारखान्यात पोचलं आहे. सिलिकॉन नायट्राइडमधल्या काही सिलिकॉन-नायट्रोजनच्या जागी अॅल्युमिनियम-ऑक्सिजन बसवलेलं हे सिरॅमिक. वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतीत अॅल्युमिनियम ओतणाऱ्यांना ते उपयोगी, कारण वितळलेलं अॅल्युमिनियम त्याला सहसा चिकटत नाही. तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलवरची पोलादी नळी वितळलेल्या धातूच्या रसात झिजते आणि तिचं लोखंड धातूत उतरतं. सायलॉनची नळी तसं करत नाही. नवी नळी थेट रसात बुडवू नये, भट्टीच्या तोंडाशी धरून आधी तापवावी. रसावरची मळी काढताना झाऱ्याचा फटका बसला तर ती तडकतेच. पोलादी नळी निदान वाकून इशारा देते.