आखडलेला खांदा: दुखणं नेमकं कुठे आहे, याचा दीडशे वर्षांचा शोध

वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुरा या बाजूच्या मराठी घरांत पन्नाशीच्या आसपासच्या चार बायका जमल्या की खांद्याचा विषय कधी ना कधी निघतोच. वेणी घालताना हात मागे जात नाही, ब्लाउजचे पाठीमागचे हुक लागत नाहीत, रात्री त्या कुशीवर झोपलं की कळ येऊन जाग येते. पुरुषांची तक्रार मागच्या खिशातल्या पाकिटापासून सुरू होते. एक्स-रे काढावा तर तो स्वच्छ. मग सल्ले सुरू होतात. कुणी तिळाचं तेल कोमट करून चोळायला सांगतं, कुणी तालमीतल्या जाणत्याकडून एक हिसका मारून घ्यायला. डॉक्टर इंजेक्शन सुचवतात. आणि ज्याचा खांदा सुटलाय तो म्हणतो, काही करू नका, दोन वर्षांत आपोआप जातं.

हे चारही सल्ले हवेतून आलेले नाहीत. दुखणं खांद्यात नेमकं कुठे बसलंय याची समजूत वेळोवेळी बदलत गेली आणि प्रत्येक समजुतीनं आपापला उपाय मागे ठेवला. समजूत गेली तरी उपाय राहिला.

तेलाची परंपरा सर्वांत जुनी. सुश्रुतसंहितेत 'अवबाहुक' नावाचा विकार आहे: खांद्याच्या ठिकाणी राहिलेला वायू तिथली बंधनं सुकवतो आणि शिरा आखडवतो. सुश्रुताला आजच्या अर्थानं सांध्याचं आवरण ठाऊक होतं असा दावा करण्यात अर्थ नाही. पण वर्णनात सूज किंवा पू नाही, सुकणं आणि आखडणं आहे, हे निरीक्षण पक्कं आहे. शेक आणि मालिशीनं वरचे ताठरलेले स्नायू सैल पडतात, रात्र जरा बरी जाते. मात्र सांध्याचं आवरण स्नायूंच्या दोन थरांखाली असतं. तिथवर तेल पोचत नाही.

हिसक्याची गोष्ट वेगळी. वडोदरा हे तालमींचं गाव. प्रो. माणिकरावांचं जुम्मादादा व्यायाममंदिर असो की नारायणगुरूंची तालीम, इथल्या कित्येक पिढ्यांनी मल्लखांब आणि कुस्तीत अंग मोडून घेतलं आहे. कुस्तीत खांदा निखळतो आणि निखळलेला खांदा जागेवर बसवावाच लागतो. हाडवैद्यांचं कसब तिथे होतं. घोटाळा होतो तो आखडलेल्या खांद्यालाही तोच न्याय लावला की. इथे हाड जागेवरच असतं. बसवायचं काय?

अर्थात हिसक्याला शास्त्रीय मान्यता पॅरिसहूनही मिळाली होती. 1872 मध्ये सिमॉन दुप्ले या फ्रेंच सर्जननं अशा खांद्यांचं वर्णन केलं आणि दुखणं सांध्यात नसून सांध्याभोवतीच्या ऊतींमध्ये, विशेषतः खांद्याच्या टोकाखालच्या द्रवाच्या पिशवीत आहे, असं मांडलं. त्यानं दिलेलं 'पेरिआर्थ्रायटिस' हे नाव आपल्याकडच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत 'पी. ए. शोल्डर' होऊन अजून टिकून आहे. भोवतीच्या ऊती चिकटल्या असतील तर रुग्णाला भूल देऊन त्या चिकटी तोडायच्या, हा त्याचा तर्क. ही प्रक्रिया आजही होते, पण भूल देऊन, ठरलेल्या क्रमानं, बेतानं. शुद्धीवर असलेल्या, हाडं ठिसूळ झालेल्या साठीच्या बाईच्या हाताला हिसका देऊन ओढणं म्हणजे दंडाचं हाड मोडून घेण्याची तयारी.

'फ्रोझन शोल्डर' हे नाव मात्र 1934 चं, बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमनचं. माणूस तऱ्हेवाईक. प्रत्येक शस्त्रक्रियेचा शेवट काय झाला हे रुग्णालयांनी पुढे वर्षभर तपासून जाहीर करावं, असा आग्रह त्यानं धरला आणि त्यापायी शहरातल्या बड्या डॉक्टरांशी वैर ओढवून घेतलं. खांद्यावरच्या आपल्या ग्रंथात त्यानं कबूल केलं की या दुखण्याची व्याख्या करणं, उपचार करणं आणि कारण सांगणं, तिन्ही अवघड आहे. त्याला संशय होता तो खांद्याच्या वरच्या बाजूच्या स्नायुबंधावर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या पट्ट्यावर. तो चुकला. पण कमरेत वाकून हात लोंबता सोडायचा आणि हलके झोके द्यायचे, हा त्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्ट आजही शिकवतात. 'दोन वर्षांत आपोआप जातं' या वाक्याचं मूळही तिथेच: उपचार करा वा न करा, साधारण दोन वर्षांत खांदा मोकळा होतो, असं त्यानं लिहून ठेवलं.

खरं ठिकाण सापडलं 1945 मध्ये. ज्यूलियस नेव्हियाझर या अमेरिकी सर्जननं असे खांदे उघडून पाहिले. पिशवी नव्हे, स्नायुबंध नव्हे, सांध्याभोवतीचं आवरणच सुजलेलं, जाड झालेलं आणि आक्रसलेलं होतं. ते हाडाच्या गोळ्याला चिकटलंय असं त्याला वाटलं, म्हणून त्यानं या विकाराला चिकटलेल्या आवरणाचा दाह म्हटलं. पुढे दुर्बिणीतून सांध्यात पाहता येऊ लागलं तेव्हा चिकटण्यापेक्षा आक्रसणं हाच मुख्य दोष असल्याचं दिसलं.

हे आवरण खालच्या बाजूला, काखेकडे, सैल असतं. झब्ब्याच्या बगलेत कापड जास्तीचं सोडतात तसं. हात वर नेला की ती घडी उलगडते. धुण्यात बगल आटली तर हात अडेल, इथेही तेच. निरोगी सांध्यात साधारण 20 ते 30 मिलिलिटर द्रव मावतो. आखडलेल्या सांध्यात बहुधा 10 पेक्षा कमी. म्हणूनच 1965 मध्ये आंद्रेन आणि लुंडबर्ग यांनी सांध्यात दाबानं द्रव भरून आवरण ताणण्याचा मार्ग काढला. तोही अजून वापरात आहे.

ठिकाण कळल्यामुळे तपासणी सोपी झाली. कोपर कमरेला टेकवून पुढचा हात बाहेरच्या बाजूला फिरवायचा. स्वतःला जमत नाही आणि दुसऱ्यानं फिरवून पाहिला तरी तिथेच अडतो, तर आवरणाचा संशय घ्यावा. स्नायुबंध फाटला असेल तर स्वतःला हात उचलता येत नाही, पण दुसऱ्यानं उचलला तर बहुतेक वेळा वर जातो. एवढी साधी गोष्ट तपासल्याशिवाय सरसकट एमआरआय सांगणं मला तरी पटत नाही. एक्स-रे मात्र काढावा, कारण सांधा झिजलेला असला तरी हात असाच अडतो.

इंजेक्शनाची कूळकथा थोडक्यात सांगता येते. 1948 मध्ये अमेरिकी डॉक्टर हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णावर कॉर्टिसोन हे स्टेरॉइड वापरलं, 1950 मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं आणि 1951 मध्ये हॉलंडर यांनी हायड्रोकॉर्टिसोन थेट सांध्यात टोचण्याचा अनुभव प्रसिद्ध केला. ते कधी टोचायचं, हे मात्र बऱ्याच पुढे उमगलं. 1995 मध्ये बंकर आणि अँथनी यांना आवरणात दाहाच्या पेशींपेक्षा तंतू विणणाऱ्या पेशींची दाटी दिसली, तळहाताच्या त्वचेखालचे पट्टे आखडून बोटं वाकतात त्या विकारासारखी. म्हणजे आधी दाह, मग व्रणासारखं घट्ट होणं. स्टेरॉइड पहिल्या, दुखऱ्या टप्प्यात चांगलं लागू पडतं. आवरण घट्ट झाल्यावर त्याच सुईकडून फारशी अपेक्षा ठेवू नये.

कॉडमनचा दिलासा पुढे मोजून पाहिला गेला. 1975 मध्ये रीव्ह्जनं 41 रुग्ण वर्षानुवर्षं पाहिले. दुखणं, आखडणं, सुटणं असे तीन टप्पे आणि सरासरी 30 महिने. निम्म्याहून अधिक जणांच्या हालचालीत थोडी उणीव राहिली, पण कामात अडचण फार थोड्यांना आली. 1992 मध्ये शॅफर आणि सहकाऱ्यांना सरासरी सात वर्षांनंतरही निम्म्या रुग्णांत सौम्य दुखणं किंवा ताठरपणा आढळला. तेव्हा 'आपोआप जातं' हे अर्धं खरं आहे, आणि या अर्ध्या सत्यावर विसंबून रात्रीच्या रात्री कण्हत काढणं हा शहाणपणा नव्हे.

व्यायामाचंही तसंच. जितकं दुखेल तितकं सुटेल ही आपल्याकडची लाडकी समजूत. नेदरलँड्समध्ये 2004 साली 77 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दुखण्याच्या मर्यादेत हलका व्यायाम करणाऱ्यांपैकी 89 टक्क्यांचा खांदा दोन वर्षांनी जवळपास पूर्ववत होता. जोर लावून ताणून घेणाऱ्यांत हे प्रमाण 63 टक्के निघालं. लोंबत्या हाताचे झोके, भिंतीवर बोटांनी चढणं, टॉवेल पाठीमागे धरून हळूच ओढणं, हे सगळं दुखऱ्या टप्प्यात बेतानंच करावं. उलट हात झोळीत बांधून ठेवणंही घातक. मोठ्या शस्त्रक्रियेची घाईही करू नये: ब्रिटनमधल्या 503 रुग्णांच्या चाचणीत (2020) भूल देऊन हात फिरवणं, दुर्बिणीतून आवरण कापणं आणि इंजेक्शनासह फिजिओथेरपी यांत वर्षअखेर कुठलीही पद्धत ठळकपणे सरस ठरली नाही.

राहता राहिला मधुमेह. 1972 मध्ये ब्रिजमननं तपासलेल्या 800 मधुमेहींपैकी 10.8 टक्क्यांचे खांदे असे होते. मधुमेह नसलेल्या 600 जणांत 2.3 टक्के. थायरॉइडच्या रुग्णांतही हा विकार जास्त दिसतो. मधुमेहींचा खांदा चिवट असतो आणि दुसरा खांदाही पाळीला बसू शकतो. म्हणून कारणाशिवाय खांदा आखडला तर एक्स-रेबरोबर रक्तातली साखरही पाहून घ्यावी. कधी कधी मधुमेहाचा पत्ता खांद्यावरूनच लागतो. साखर आधीपासून असेल तर स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतल्यावर काही दिवस ती चढते, हे डॉक्टरांना आठवण करून विचारावं आणि तेवढे दिवस घरी मोजत राहावं. डावा खांदा अचानक दुखू लागला, सोबत घाम किंवा धाप असेल, तर खांद्याचा विचार बाजूला ठेवून थेट इमर्जन्सी गाठावी.