अठरा पूर्ण झाल्यावर मुलीच्या कॉलेजचा खर्च: घटस्फोटित आई-वडिलांकडून तो कसा मागायचा

मुलगी अठरा वर्षांची झाली की अनेक घरांत वडिलांकडून येणारी पोटगी त्याच महिन्यात थांबते. नेमकी तीच वेळ कॉलेज प्रवेशाची असते. मग आई जुन्याच कलमाखाली पुन्हा अर्ज करते आणि तो फेटाळला जातो. खरं तर मुलीचा हक्क गेलेला नसतो, कलम चुकलेलं असतं.

फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, अज्ञान, म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्या, अपत्यासाठी आहे. शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे निर्वाह करता येत नसेल, तरच सज्ञान अपत्याला त्याचा आधार मिळतो. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ मधल्या कलम २०(३)चं तसं नाही. मुलगी अविवाहित असावी आणि स्वतःच्या कमाईवर किंवा मालमत्तेवर तिचा निर्वाह होत नसावा, एवढंच ते मागतं. कलम ३ नुसार निर्वाहात शिक्षणही येतं. या दोन वाटा वेगळ्या आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये स्पष्ट केलं. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे, आणि जबाबदारी आई-वडील दोघांवर आहे.

सज्ञान मुलासाठी असं थेट कलम नाही. तरी मार्च २०२१ मध्ये एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुलाची पहिली पदवी होईपर्यंत वडिलांना खर्च द्यायला लावला होता.

अर्ज कौटुंबिक न्यायालयात करायचा. मुलगी सज्ञान असल्याने अर्जदार तीच, सहीही तिचीच. पोटगीच्या दाव्यात महाराष्ट्रात महिलांना कोर्ट फी माफ आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. तिथे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

सोबत जन्मदाखला, आधार, घटस्फोटाचा हुकूमनामा, प्रवेशाचं पत्र, बोनाफाइड आणि फीचं वेळापत्रक जोडावं. फीच्या पावत्यांइतकंच वसतिगृह, मेस, पुस्तकं, प्रवास यांचं महिनावार टिपण महत्त्वाचं आहे. 'शिक्षणाला खूप खर्च येतो' या वाक्यावर न्यायालय आकडा ठरवू शकत नाही. वसतिगृहाची पावती समोर असली की ठरवू शकतं.

उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र दोन्ही बाजूंनी द्यावं लागतं. समोरच्याने उत्तरासह ते कमाल चार आठवड्यांत द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०२० चा निकाल सांगतो. निकाल लागेपर्यंत वर्ष वाया जाऊ नये म्हणून अंतरिम पोटगीचा अर्ज त्याच दिवशी द्या. आई चांगलं कमावत असेल तर खर्च दोघांच्या उत्पन्नाच्या प्रमाणात वाटला जाऊ शकतो.

ज्यांचा घटस्फोट अजून व्हायचा आहे, त्यांना कळकळीची विनंती: संमतीच्या अटींत 'मुलगी सज्ञान होईपर्यंत' असं लिहू देऊ नका. 'पदवी पूर्ण होईपर्यंत फी, वसतिगृह व पुस्तकांचा खर्च' असे शब्द घाला, कोण किती टक्के देणार तेही लिहा आणि पैसे थेट कॉलेजच्या खात्यात जातील अशी अट टाका. पुढे फी वाढली, तर बदललेल्या परिस्थितीच्या आधारे रक्कम वाढवून मागता येते. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचं कलम २५ त्यासाठीच आहे.