चित्रकाराचे स्थलांतर आणि नाशिक : पार्श्वभूमी

मुंबईचा जलरंगकार नाशिकला राहायला आला की विषयाच्या आधी त्याच्या हाताचा वेग बदलतो. मुंबईच्या दमट हवेत कागद बराच वेळ ओला राहतो. आकाशाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, दिल्यावर त्यात दुसरा रंग सोडायला, कडा विरघळवायला सवड मिळते. नाशिकच्या फेब्रुवारी ते मेच्या कोरड्या हवेत तोच वॉश बघता बघता सुकतो आणि कडेला रेघ धरतो. मग एक तर कागद पाठीमागूनही भिजवून घ्यायचा, नाहीतर ती ठसठशीत कड आपलीशी करायची. माझ्या मते इथल्या उन्हाला दुसरा मार्गच शोभतो.

पुढची परीक्षा दगडाची. काळाराम मंदिर, गोदाघाटाच्या पायऱ्या, जुन्या वाड्यांची जोती, सगळीकडे काळा बेसाल्ट. नवखा माणूस ट्यूबमधला काळा उचलतो आणि चित्राला भोक पडल्यासारखे दिसते. ओल्या पायरीत आभाळाचा निळा उतरलेला असतो, कोरड्या पायरीत धुळीचा तांबूस. अल्ट्रामरीन हा गडद निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी यांच्या मिश्रणातून तो काळा हळूहळू जमतो. शिवाजी तुपे यांची गोदाकाठची निसर्गचित्रे नाशिककरांच्या डोळ्यांत बसली आहेत, त्यांच्याकडे या नजरेने पुन्हा पाहावे.

हवा आणि दगड एवढ्यावर हा विषय संपत नाही. नव्या प्रदेशात चित्रकाराला नवी माणसे, नवा आश्रयदाता आणि नवे तंत्रही भेटते. याचे आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण राजा रविवर्मा, आणि त्यातला एक धागा नाशिक जिल्ह्यातून जातो.

मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावचा गोपाळराव हा मुलगा 1875 मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. 1881 मध्ये त्यांच्या हाती राज्यकारभार आला, त्या सुमारास केरळच्या किळिमानूरचे रविवर्मा बडोद्याला आले. तोवर त्यांच्या चित्रांत मल्याळी स्त्रिया आणि त्यांची पांढरी, काठाची वस्त्रे ठळक होती. 1888 मध्ये सयाजीरावांनी त्यांना चौदा पौराणिक चित्रांचे काम दिले. दमयंती, द्रौपदी साऱ्या देशाला आपल्या वाटायच्या तर त्यांना नेसवायचे काय, हा प्रश्न होता. रविवर्मा आणि त्यांचे धाकटे भाऊ राजराज वर्मा त्यासाठी उत्तर हिंदुस्थानात हिंडले. अखेर साडीच या नायिकांची ओळख ठरली, आणि त्यात मराठी नेसणीचा वाटा मोठा आहे. नेसणीकडे ते किती बारकाईने पाहत, हे त्यांच्या वादक स्त्रियांच्या प्रसिद्ध चित्रात कळते. त्यातल्या अकरा जणींची वेशभूषा वेगवेगळ्या प्रांतांची आहे. 1894 मध्ये त्यांनी मुंबईत शिळाछापखाना, म्हणजे दगडावरून चित्रे छापणारा छापखाना, काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या देवघरात पोचली. हे रूप किळिमानूरला बसून सुचले असते, असे मला वाटत नाही.

दुसरा धागा त्र्यंबकेश्वरचा. 1870 मध्ये तिथे जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके 1885 मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये दाखल झाले, नंतर बडोद्याच्या कलाभवनात गेले. तैलरंग, जलरंग, छायाचित्रण, छपाई हे सगळे त्यांनी शिकून घेतले. लोणावळ्याला रविवर्मांच्या छापखान्यासाठी शिळाछापाचे कामही केले. प्रत्येक मुक्कामी हातात नवे साधन आले आणि चित्र एकेक पाऊल पुढे सरकत पडद्यापर्यंत गेले. दादासाहेबांना आपण चित्रपटाचे जनक म्हणतो, त्यामुळे त्यांच्यातला चित्रकार झाकला जातो याची मला खंत वाटते. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 मध्ये मुंबईत प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी त्यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. चित्रण उन्हाच्या भरवशावर चालायचे ते दिवस. पौराणिक कथांसाठी लागणारी देवळे, नदी, डोंगर आणि मोकळे आकाश नाशिकला हाकेच्या अंतरावर होते.

इतरत्रही हेच घडलेले दिसते. बडोद्याचे काम ठरले त्याच 1888 साली व्हॅन गॉग पॅरिस सोडून दक्षिण फ्रान्सच्या आर्लला गेला आणि त्याचा पिवळा पेटून उठला. पॅरिसमध्ये शिकलेल्या अमृता शेरगिल 1934 मध्ये भारतात परतल्या, 1936 च्या अखेरीस त्यांनी अजिंठा पाहिला आणि दक्षिणेत फिरल्या. 1937 च्या त्यांच्या चित्रांतले सपाट, भारदस्त आकार आणि मातकट लाल रंग त्या प्रवासातून आले. 1930 च्या दशकाच्या अखेरीस नाझींमुळे घर सोडून मुंबईला आलेले व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर यांच्याबाबत उलटेही घडले, आलेल्या माणसाने इथल्या चित्रकारांना बदलले. त्यांच्या मोकळ्या, जोरकस रंगलेपनाचा परिणाम सय्यद हैदर रझांसारख्या तरुण चित्रकारांवर झाला.

नाशिकला येणारे बहुतेक चित्रकार आजही गोदाघाटावरच बसतात. जिल्ह्याचा पूर्वेकडचा भाग मात्र रिकामा राहतो. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, सिन्नर-येवल्याकडे त्याचा पाचवा हिस्साही धड नाही. हिरव्यापासून भुऱ्यापर्यंतची एवढी मोठी पट्टी काही तासांच्या प्रवासात मिळते. चांदवडला होळकरांच्या रंगमहालात जुनी भित्तिचित्रेही आहेत. नव्याने आलेल्याने एक उन्हाळा तिकडे काढावा.