झोन सिस्टिम

कृष्णधवल छायाचित्राच्या अंतिम प्रिंटमध्ये काळ्या, करड्या व पांढऱ्या छटा कोठे याव्यात हे शटर दाबण्यापूर्वीच मनाशी निश्चित करून त्यानुसार फिल्मचे एक्स्पोजर (तिच्यावर किती प्रकाश पडू द्यायचा ते) आणि डेव्हलपिंग (चित्र उमटविण्याची रासायनिक प्रक्रिया) ठरविण्याची पद्धती. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स (१९०२–८४) आणि फ्रेड आर्चर यांनी ती १९३९–४० च्या सुमारास लॉस अँजेलिस येथील आर्ट सेंटर स्कूलमध्ये शिकवीत असताना सिद्ध केली. फिल्मवर पडणारा प्रकाश आणि निगेटिव्हची घनता (म्हणजे तिचा काळेपणा; दृश्याचा उजळ भाग निगेटिव्हवर जास्त काळा उतरतो) यांचा संबंध हर्टर व ड्रिफील्ड या संशोधकांनी इंग्लंडमध्ये १८९० मध्येच मांडला होता. प्रयोगशाळेतले ते गणित या दोघांनी प्रत्यक्ष दृश्यासमोर उभ्या असलेल्या छायाचित्रकाराच्या हाती दिले.

या पद्धतीत निव्वळ काळ्यापासून कागदाच्या कोऱ्या पांढऱ्यापर्यंत ० ते १० असे अकरा झोन मानतात. लगतच्या दोन झोनांत एका स्टॉपचे, म्हणजे दुप्पट प्रकाशाचे, अंतर असते. झोन ५ हा सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारा मधला करडा होय. समोर बर्फ आहे की कोळसा हे लाइट मीटरला, म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या उपकरणाला, कळत नाही. तो ज्यावर रोखावा ते याच करड्या छटेत उतरेल असे एक्स्पोजर तो सुचवितो. म्हणून सावलीतील ज्या भागाचा पोत प्रिंटमध्ये दिसायला हवा, त्याचे मोजमाप घेऊन तो भाग झोन ३ वर ठेवतात, म्हणजेच मीटरने सांगितल्यापेक्षा दोन स्टॉप कमी एक्स्पोजर देतात. मग उजळ भाग कोणत्या झोनवर पडतात ते पाहावयाचे. ते झोन ८ च्या पुढे जात असतील तर डेव्हलपिंगचा वेळ कमी करतात, दृश्य सपाट, म्हणजे उजेड-सावलीत फारसा फरक नसलेले, असेल तर वाढवितात. सावलीच्या जागी प्रकाश थोडाच पडलेला असल्याने तेथील घनता लवकर स्थिरावते, उजळ भागांची मात्र वाढत राहते. ‘एक्स्पोजर सावलीसाठी, डेव्हलपिंग उजेडासाठी’ या जुन्या नियमामागचे कारण हेच. उन्हातील त्वचेसाठी सर्रास सांगितला जाणारा झोन ६ गोऱ्या चेहऱ्यांवरून आलेला आहे. बहुतेक भारतीय चेहरे तेथे ठेवल्यास फिकट पडतात, त्यामुळे झोन ५ किंवा त्याखालची जागा छायाचित्रकाराला स्वतःच निवडावी लागते.

आकड्यांपेक्षा ही निवड अवघड आहे. पद्धती आकाराला येण्याच्या बरीच आधी, १९२७ मध्ये, कॅलिफोर्नियातील योसेमिटी येथे हाफ डोमच्या कड्यासमोर ॲडम्सने पिवळा फिल्टर (भिंगापुढची रंगीत काच) लावून एक प्लेट (फिल्मऐवजी वापरायची काच) घेतली. परंतु त्यात आकाश मनातल्यासारखे गडद येणार नाही हे ओळखून उरलेली एकच प्लेट त्याने गडद लाल फिल्टर लावून वापरली आणि आकाश जवळजवळ काळे उतरविले. १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावाजवळ मावळतीचे ऊन दफनभूमीतील क्रूसांवरून सरकत असताना त्याला मीटर सापडेना. चंद्राची तेजस्विता त्याला पाठ होती. चंद्र झोन ७ वर ठेवून त्याने एक्स्पोजर काढले. दुसरी निगेटिव्ह घेण्याआधीच क्रूसांवरचे ऊन गेले. त्या एकमेव निगेटिव्हचा खालचा भाग विरळ राहिल्याने १९४८ मध्ये त्याला तो रासायनिक प्रक्रियेने गडद करावा लागला.

मायनर व्हाइट यांच्यासारख्या शिक्षकांमुळे ही पद्धती पुढे अमेरिकेतील कलाशाळांत रुजली. तिच्या अनेक अनुयायांनी मात्र फिल्म आणि डेव्हलपर यांच्या चाचण्यांतच समाधान मानले आणि काय दाखवायचे हा प्रश्न बाजूला पडला, हा आक्षेप रास्त आहे. प्रत्येक चित्राचे डेव्हलपिंग वेगळे करता येते ते सुट्या शीट फिल्मवर. एकाच रोलवर उन्हातली आणि ढगाळ हवेतली चित्रे असली की तडजोड आलीच. डिजिटल कॅमेऱ्यात नियम उलटतो. सेन्सर भरून गेलेल्या उजळ भागातील तपशील परत मिळत नाही, सावलीतला मात्र नॉइजच्या (चित्रातील ठिपकेदार खरखरीच्या) मोबदल्यात बराचसा वर काढता येतो. म्हणून तेथे आधी उजळ भागाची जागा ठरवितात आणि सावल्यांचे संगणकावर पाहतात.