आजोबांचा दाखला, नातवाची शाळा

गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा, धानोरा, अहेरी अशा तालुक्याच्या गावांत गोंड आदिवासी शिक्षकांची, वनरक्षकांची, ग्रामसेवकांची घरं दिसतात. मूल तीन वर्षांचं झालं की त्याचं नाव कॉन्व्हेंटमध्ये घातलं जातं (इंग्रजी माध्यमाच्या कुठल्याही बालवाडीला विदर्भात हेच नाव आहे). अशा कितीतरी घरांत आईवडील आपसांत गोंडी बोलतात आणि मुलाकडे वळले की मराठी. शिवाय कपाटात आजोबांच्या शाळेतल्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा जपून ठेवलेला असतो. नातवाच्या शिक्षणाची चिंता या घरांत अशी का वाहिली जाते, ते त्या उताऱ्यापासून उलगडत जातं.

आजच्या या पालकांपैकी अनेक जण आश्रमशाळेत शिकले. जूनमध्ये गाव सोडायचं, दिवाळीला परतायचं. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं. तेव्हा लेकरू आजारी पडलं तरी बापाला पोहोचता येत नसे. पालक म्हणून त्याचं काम प्रवेशाच्या दिवशी अंगठा उठवण्यापुरतं होतं. वर्गात पहिल्या दिवसापासून मराठी. गुरुजींना गोंडी येत नसे, मुलांना मराठी समजत नसे, आणि दोघांमधली ती शांतता मुलाच्या मंदपणाच्या खात्यावर जमा होई. हा हिशेब मला आजही अन्यायाचा वाटतो.

1956 साली सातव्या घटनादुरुस्तीने राज्यांची फेररचना झाली, आणि त्याच दुरुस्तीने अल्पसंख्याक भाषिक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असं सांगणारं कलम 350 क घटनेत आलं. गोंडी बोलणारे मात्र मध्य प्रदेश, आंध्र, ओडिशा आणि इकडे आधी मुंबई राज्य, मग महाराष्ट्र, असे विभागले गेले. ज्या राज्यात घर, तिथली राजभाषा शाळेत. 2011 च्या जनगणनेत सुमारे 29 लाख लोकांनी गोंडी ही आपली मातृभाषा सांगितली, तरी घटनेने मान्य केलेल्या भाषांच्या यादीत, आठव्या अनुसूचीत, तिला जागा नाही.

नोकरीची वाट 1976 नंतर रुंद झाली. तोवर विदर्भात अनुसूचित जमातीची यादी तालुक्यांना बांधलेली होती: मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी, यवतमाळ. रामटेकचा किंवा चिमूरचा गोंड तोच, कुळही तेच, पण आरक्षणाची सवलत नाही. 1976 च्या कायद्याने हे क्षेत्रबंधन उठवलं. खोटे दावेही वाढले. माधुरी पाटील हे जमातीच्या दाव्याचं प्रकरण वैद्यकीय प्रवेशावरूनच उभं राहिलं होतं. त्यात सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये अशा दाव्यांच्या पडताळणीची पद्धत घालून दिली, आणि 2001 पासून महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा लागू झाला.

इथून शाळेचं कागदपत्र निर्णायक ठरलं. 1950 पूर्वीच्या नोंदीला सर्वाधिक वजन. आजोबा दोन वर्षं का होईना शाळेत गेले असतील, तर रजिस्टरच्या एका ओळीत 'गोंड' सापडतं. ज्यांच्या आजोबांना शाळाच मिळाली नाही, त्यांच्या नातवाला व्हॅलिडिटीसाठी, म्हणजे जमातीच्या दाखल्याच्या वैधता प्रमाणपत्रासाठी, जास्त खेटे घालावे लागतात. पूर्वी डावलले गेले त्याची शिक्षा पुन्हा त्यांनाच. त्यातही पडताळणी समितीचं दक्षता पथक घरी येऊन कुलदैवत, लग्नाच्या चालीरीती, मर्तिकाचे विधी विचारू शकतं. म्हणजे बारावीपर्यंत मराठी-इंग्रजीत घडवलेल्या मुलाला आपण किती देवांचे, चार की सात (गोंडांची कुळं देवांच्या संख्येवरून ओळखली जातात), हेही पाठ हवं.

हे माहीत असलेला बाप पालकसभेला चुकत नाही. तो गुण विचारतो, दाखल्यावरच्या नावातली वेलांटी तपासतो. आदिवासी मुलांना सरकारी खर्चाने शहरातल्या नामांकित निवासी शाळांत शिकवण्याची योजना 2010-11 पासून आहे, पण तिला उत्पन्नाची अट आहे. पगारदाराला कॉन्व्हेंटची फी स्वतःच्या खिशातून भरावी लागते. गोंडीबद्दल मात्र तो शाळेत काही मागत नाही. वसतिगृहात ज्याच्या उच्चाराला पोरं हसली, त्याने ते आपल्या मुलाच्या वाट्याला येऊ नये म्हणून केलेली ही तजवीज आहे. त्याला संस्कृती विसरला म्हणणं मला पटत नाही.

नोकरी सांभाळून भाषेचं काम करणारेही झाले. रामटेक तालुक्यातले मोतीरावण कंगाली (1949-2015) नागपुरात रिझर्व्ह बँकेत होते आणि गोंडी भाषा, तिची लिपी, कोया पुनेम हा गोंडांचा धर्म यांवर आयुष्यभर लिहीत राहिले. पण गोंडी माध्यमाची शाळा उभी राहिली ती धानोरा तालुक्यातल्या मोहगावला, 2019 मध्ये, ग्रामसभेच्या बळावर, गोटुलाच्या (गोंड तरुणांच्या पारंपरिक शिक्षणकेंद्राच्या) नावाने. शासनमान्यता नसल्यावरून नोटीस आली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. तालुक्याच्या गावातल्या घरांत या शाळेचं नाव आदराने घेतलं, तरी पुढचा प्रश्न एकच असतो: तिथला दाखला चालेल का? आजोबांच्या एका ओळीसाठी ज्यांनी शाळाशाळांची जुनी रजिस्टरं धुंडाळली, त्यांना तो प्रश्न टाळता येत नाही.