अंकरचना (चित्रपट)

चित्रपटाच्या कथेची मोठ्या टप्प्यांत केलेली बांधणी. नाटकात अंक संपला की पडदा पडतो; चित्रपटात तशी खूण दिसत नाही, तरी अंक असतोच. पात्राने मागे फिरता येणार नाही असे पाऊल टाकले, की एक अंक संपतो.

प्रचलित पद्धत तीन अंकांची. आदि, मध्य, अंत हा विचार ॲरिस्टॉटलचा. अमेरिकी पटकथा-शिक्षक सिड फील्ड यांनी १९७९ मध्ये त्याला माप दिले : एक पान म्हणजे सुमारे एक मिनिट, आणि दोन तासांत मांडणीला ३०, संघर्षाला ६० व उकलीला ३० मिनिटे. नाट्यशास्त्रात मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण असे पाच संधी, म्हणजे कथानकाचे टप्पे, आहेत. गर्भात फळ हाती लागते, निसटते आणि पुन्हा शोधावे लागते. चित्रपटाच्या दुसऱ्या अंकाचे याहून नेमके वर्णन सापडणे कठीण.

बीड जिल्ह्यातील एका ऊसतोड जोडप्याची कथा कल्पून पाहावी. मुलगी दहावीत आहे. यंदा तिला फडावर न्यायचे नाही, असे आईने ठरवले आहे. पाऊस दगा देतो, सोयाबीन हातचे जाते, वडील मुकादमाकडून, म्हणजे मजुरांच्या ठेकेदाराकडून, उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतात. पहिला अंक इथे संपतो. भेगाळलेल्या रानाचे दृश्य कितीही प्रभावी असले तरी त्याने तो संपत नाही. दुष्काळ ही परिस्थिती आहे, उचल हा निर्णय आहे. उचल घरात खर्च झाली की कोयता, म्हणजे तोडीचे जोडपे, फडात पोचलाच पाहिजे. मुलीला आजीजवळ ठेवून दोघे निघतात, आणि प्रश्न उभा राहतो : मार्चमध्ये ती परीक्षेला बसेल का?

दुसरा अंक सर्वांत लांब, आणि पटकथा अडते ती बहुधा इथेच. कोपी (तोडकऱ्यांची झोपडी), पहाटेची तोड, रात्री भरायची गाडी ही दृश्ये खरी असतात, पण नुसती ओळीने मांडली तर कथा जागची हलत नाही. प्रत्येक प्रसंगाने उत्तर जवळ आणावे किंवा लांब न्यावे. आई आजारी पडते, खाडे होतात, उचल फिटत नाही आणि मुलीला गावाहून बोलावून तिच्याच हाती कोयता दिला जातो. मध्यंतर इथे. आपल्याकडे चहासाठी उठलेला प्रेक्षक याच प्रश्नासह बाहेर पडतो, म्हणून मध्यंतराची जागा लेखकाने स्वतः ठरवणे महत्त्वाचे.

परीक्षा तोंडावर येते, पट्टा अजून पडलेला नसतो, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपलेला नसतो. आई रात्रीतून मुलीला घेऊन फड सोडते. हा दुसरा निर्णय. इथून तिसरा अंक. मुकादम आता दारात येणारच, कारण उचल पहिल्या अंकातली आहे. ऐन वेळी अनोळखी माणूस येऊन पैसे भरू लागला, तर आधीचे दोन्ही अंक वाया जातात.

मराठवाड्याच्या श्रोत्याला ही बांधणी कानाने ओळखीची आहे. वारकरी कीर्तनात स्वतंत्र रंग, म्हणजे भाग, नसतात. नारदीय कीर्तनात मात्र पूर्वरंगात अभंगाचे निरूपण, मध्यंतरात बुक्का आणि हार, मग उत्तररंगात आख्यान. आख्यान संपवताना कीर्तनकार पूर्वरंगातल्या त्याच अभंगाकडे परततो.