अंतराळातली प्रयोगशाळा आणि माणसांचे हात

२६ जून २०२५ रोजी शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात दाखल झाले, तेव्हा त्यांच्या कामाच्या यादीत भारतीय संस्थांचे सात प्रयोग होते. त्यातला एक धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा आणि तिथल्याच आयआयटीचा. मूग आणि मेथीला अंतराळात मोड कसे येतात, हे त्यात पाहायचं होतं. मोडांचे फोटो सगळीकडे पोहोचले. पण बियांना पाणी घालायला, रोज नोंद ठेवायला, नमुने अतिथंड कपाटात ठेवायला कुणाचे तरी हात लागतात. या प्रयोगशाळेचा इतिहास समजून घ्यायचा असेल, तर माझ्या मते पैसा आणि यंत्रांच्या आधी या हातांचा हिशेब पाहायला हवा.

अंतराळात राहून संशोधन करायची सुरुवात सोव्हिएत संघाच्या ‘सल्यूत १’ या स्थानकाने १९७१ मध्ये केली. अमेरिकेचं ‘स्कायलॅब’ १९७३ मध्ये वर गेलं. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा ‘सल्यूत ७’वर गेले, भारताच्या भूभागाची छायाचित्रं घेणं आणि योगासनांचा शरीरावर होणारा परिणाम तपासणं, ही त्यांच्याकडची कामं होती. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी दशकभरात कायम वस्तीचं स्थानक उभारण्याची घोषणा केली होती. प्रत्यक्षात दशक उलटलं तरी नुसते आराखडेच बदलत राहिले आणि खर्च फुगत गेला. जून १९९३ मध्ये हा प्रकल्प अमेरिकी प्रतिनिधिगृहात अवघ्या एका मताने तगला.

मग रशिया सोबत आला. सोव्हिएत संघ कोसळला होता. ‘मीर’ या स्वतःच्या अंतराळ स्थानकावर महिनोन्महिने राहण्याचा अनुभव रशियाच्या गाठीशी होता, पण तिजोरीत पैसा नव्हता. रशियन रॉकेट अभियंते दुसऱ्या देशांच्या हाती लागू नयेत, हीसुद्धा अमेरिकेची चिंता होती. हे स्थानक विज्ञानापेक्षा राजकारणाच्या गरजेतून उभं राहिलं, असं मला स्पष्टपणे वाटतं. त्यात कमीपणा काही नाही. तशी गरज पडली नसती तर ते कागदावरच राहिलं असतं. जानेवारी १९९८ मध्ये १५ देशांनी करारावर सह्या केल्या. नोव्हेंबरमध्ये ‘झार्या’ हा पहिला भाग कझाकस्तानातल्या बैकोनूरहून निघाला आणि २ नोव्हेंबर २००० पासून हे घर एकदाही रिकामं राहिलेलं नाही.

फेब्रुवारी २००१ मध्ये ‘डेस्टिनी’ ही प्रयोगशाळा जोडली गेली, तरी संशोधन रखडतच चाललं. तीन माणसांचा बराचसा वेळ स्थानक चालू ठेवण्यातच जाई. त्यात हाडं आणि स्नायू झिजू नयेत म्हणून रोज सुमारे दोन तास व्यायाम. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अमेरिकी शटल यान परतताना कोसळलं. कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी गेले. ते यान स्थानकावर गेलंच नव्हतं. सोळा दिवसांची ती मोहीम खास संशोधनासाठीच होती. त्यानंतर शटल यानांची उड्डाणं थांबली आणि स्थानकावर तीनऐवजी दोनच माणसं उरली. युरोपची ‘कोलंबस’ आणि जपानची ‘किबो’ या प्रयोगशाळा २००८ उजाडेपर्यंत जमिनीवर अडकून पडल्या.

मे २००९ मध्ये वस्ती सहा जणांची झाली. घाम आणि लघवीपासून पिण्याचं पाणी करणारी यंत्रणा आधी बसवली होती, म्हणून हे जमलं. पहिली जवळजवळ नऊ वर्षं ही बांधकामाचीच होती. प्रयोगशाळा खऱ्या अर्थाने इथून सुरू झाली.

लगेचच काय हाती लागलं, त्यासाठी ज्वालेचा प्रयोग पाहावा. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं. तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळपास नव्वद टक्के असतं, पण स्थानक आणि त्यातलं सगळं सतत एकत्र पडत असल्यामुळे वजन जाणवत नाही. त्यामुळे तापलेली हवा वर चढत नाही आणि ज्योत निमुळती न होता निळसर गोळा होऊन राहते. हेप्टेन या इंधनाचे काही मिलिमीटरचे थेंब बंद कक्षात पेटवले गेले. यंत्राची जोडणी अंतराळवीरांनी केली, थेंब जमिनीवरून पेटवले. ज्वाला विझलेली दिसली, तरी थेंब लहान होतच राहिला. डोळ्यांना न दिसणारी, सुमारे २०० ते ५०० अंश सेल्सिअसची ‘थंड ज्वाला’ त्याला जाळत होती. २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. कमी प्रदूषण करणारी इंजिनं बनवू पाहणाऱ्यांना ही रसायनं समजून घेणं फार मोलाचं आहे.

माणूस स्वतःही तिथे प्रयोगच असतो. अमेरिकी अंतराळवीर स्कॉट केली ३४० दिवस वर राहिले, त्यांचे जुळे भाऊ मार्क खाली होते. दोघांच्या तुलनेचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले.

आणि मग अल्फा मॅग्नेटिक स्पेक्ट्रोमीटर, साडेसात टनांचं वैश्विक किरण टिपणारं उपकरण. मे २०११ पासून ते स्थानकाबाहेर बसलेलं आहे. माणसाची गरज लागू नये असंच ते बनवलं होतं. पण त्याचे थंड करणारे पंप एकेक करून निकामी होत गेले. शेवटी लुका परमितानो आणि अँड्र्यू मॉर्गन या अंतराळवीरांनी नोव्हेंबर २०१९ ते जानेवारी २०२० या काळात चार वेळा बाहेर पडून, जाड हातमोज्यांनी बारीक नळ्या कापल्या आणि नवे पंप जोडले. दुरुस्तीची सोयच नसलेलं यंत्र असं पुन्हा चालू झालं. माझ्या दृष्टीने या स्थानकावरचं हे सर्वांत देखणं काम आहे.

हे स्थानक २०३० नंतर समुद्रात उतरवायचं ठरलं आहे. राकेश शर्मांना ‘सल्यूत’वर जेमतेम आठवडा मिळाला, शुक्लांना अठरा दिवस. भारताला स्वतःचं स्थानक २०३५ पर्यंत उभं करायचं आहे. त्याच्या आराखड्यात वजन आणि विजेच्या शेजारी आणखी एक आकडा आत्ताच लिहिलेला असावा: तिथल्या माणसांना रोज किती तास निव्वळ प्रयोगांसाठी मिळतील.